कळावे, आपला होतकरू

नाशिक जिल्ह्यातल्या तमाम तरुणांच्या आयुष्याचं ध्येय एकच आहे आणि ते एका वाक्यात मावतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. सिन्नरचा मेकॅनिकलवाला असो, सटाण्याची बी.कॉम. झालेली मुलगी असो, की पुण्यात दोन वर्षं स्पर्धा परीक्षा करून सिडकोत परत आलेला पदवीधर असो. प्रत्येकाला ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून आपल्या कौशल्यांचा उपयोग संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीसाठी’ करायचा आहे. रेझ्युमेत नावाच्या लगेच खाली, ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ या मथळ्याखाली हे वाक्य इंग्रजीत असतं. त्यातला एक स्वल्पविराम चुकीच्या जागी असतो, आणि तोही सगळ्यांचा एकाच चुकीच्या जागी. रविवारी सकाळी दळण आणायला सांगितलं तर ज्याला अंथरुणातूनच ‘गिरणी बंद असेल’ हे दिसतं, त्याला आव्हानात्मक वातावरण हवंय हे वाचून आईवडिलांना भरून यायला हवं. पण आईवडील रेझ्युमे वाचत नाहीत. ते फोटो बघतात आणि ‘हसरा का नाही काढला?’ म्हणतात.

मी सातपूरच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात हयात काढली. पुढे त्या खात्याचं एच.आर. झालं, खुर्च्या गोल फिरायला लागल्या, बाकी काही बदललं नाही. निवृत्त माणसाला कॉलनीत दोनच मानाची कामं मिळतात: गणपतीच्या वर्गणीचा हिशेब तपासणं आणि मुलांचे रेझ्युमे तपासणं. जुलै-ऑगस्टात दोन्ही एकदम येतात. ‘काका, एकदा नजर टाका ना’ म्हणून व्हॉट्सॲपवर फाईल येते. फाईलचं नाव ‘रेझ्युमे फायनल’. तासाभराने ‘फायनल फायनल’. आणि रात्री अकराला, ‘काका, हाच बघा, आधीचे डिलीट करा.’

आमच्या वेळी रेझ्युमे नव्हता, अर्ज होता. रेघांच्या फुलस्केप कागदावर, सुवाच्य अक्षरात. त्याची सुरुवात ठरलेली: ‘विश्वसनीय सूत्रांकडून असे समजते की, आपल्या नामांकित कंपनीत काही जागा रिक्त आहेत.’ हे विश्वसनीय सूत्र म्हणजे आमच्या गेटवरचा वॉचमन, नाहीतर गेटसमोरचा चहावाला. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, मग सातपूर, अंबडच्या वसाहती वाढत गेल्या, आणि टपरीवरच्या चहाला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचा दर्जा मिळाला. अर्जाला गुणपत्रिकेच्या सत्यप्रती जोडायच्या आणि त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्यायचा. सही देणारा अधिकारी शोधून, त्याचा मूड सांभाळून, तो जेवायला जायच्या आत त्याला गाठणं हीच उमेदवाराची खरी परीक्षा असे. जो सही घेऊन यायचा त्याला आम्ही डोळे मिटून स्टोअरमध्ये घ्यायचो. बाहेरच्या पार्टीकडून माल वेळेवर काढून घेणं त्याला जमणार, ही खात्री असायची.

आता सही स्वतःचीच चालते, त्यामुळे ती परीक्षा गेली. आजचा रेझ्युमे जन्माला येतो तो कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. कॉलेज रोडला जा, गंगापूर रोडला जा, नाहीतर शरणपूर रोडला. ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल, प्रोजेक्ट, रेझ्युमे, लग्नाचे बायोडाटा’ असली पाटी दिसेलच. दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक मूळ फाईल असते. ती कुणी लिहिली, कधी लिहिली, हे कुणालाच सांगता येत नाही. वेदांसारखी ती अपौरुषेय आहे. आलेल्या गिऱ्हाइकाने फक्त नाव, पत्ता आणि टक्के बदलायचे. गर्दीत तेवढंही धड बदललं जात नाही. नाव या मुलाचं आणि वडील आधीच्या गिऱ्हाइकाचे, अशा वंशावळी मी पाहिल्या आहेत. एका मुलीच्या रेझ्युमेत लिंग ‘पुरुष’ होतं. तिला दाखवलं तर शांतपणे म्हणाली, ‘काका, ते दुकानात आधीपासूनच होतं.’

लग्नाचे आणि नोकरीचे कागद त्या कॉम्प्युटरवर एकाच फोल्डरात नांदतात, त्यामुळे त्यांच्यात देवाणघेवाण होते. नोकरीच्या रेझ्युमेवर मधोमध गणपती येतो. खाली उंची, रक्तगट, ‘विवाहित/अविवाहित’, मामांचं गाव. एका माउलीने मुलाच्या रेझ्युमेत ‘निर्व्यसनी’ हा शब्द ठळक अक्षरात घालायला लावला. मुलगा हॉटेल मॅनेजमेंटचा. १९९९ साली सुला उभी राहिली आणि त्यानंतर आपल्याकडे वाइनरी वाढत गेल्या. तशाच एका ठिकाणच्या टेस्टिंग रूमसाठी त्याचा अर्ज होता. येणाऱ्या पाहुण्यांना पेला कसा धरायचा, वास कसा घ्यायचा, घोट तोंडात कसा फिरवायचा हे समजावून सांगण्याची नोकरी. मी म्हटलं, ‘वहिनी, निर्व्यसनी काढूया का?’ तर म्हणाल्या, ‘राहू द्या हो भाऊजी, पुढे लग्नाच्या वेळी परत टाइप करायला नको.’

वडिलांची भर निराळी. त्यांना शेवटी ‘संदर्भ’ हवा असतो आणि तिथे वॉर्डाच्या नगरसेवकाचं नाव हवं असतं. नगरसेवकाला या मुलाचं नाव माहीत नसतं, पण फोन आला तर ‘आपलाच मुलगा आहे’ म्हणण्याची त्याची तयारी असते. तो ते सगळ्यांबद्दलच म्हणतो.

तळाला प्रतिज्ञा: ‘वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे.’ यातलं ‘माझ्या माहितीप्रमाणे’ मला फार आवडतं. म्हणजे माझं नाव, माझी जन्मतारीख, माझे टक्के यांविषयी मी जे ऐकून आहे ते असं आहे. चूकभूल द्यावी घ्यावी. त्याखाली ‘स्थळ: नाशिक’, आणि ‘दिनांक’पुढे रेघ. ती रेघ भरायची पद्धत नाही.

मधल्या भागात उमेदवाराचं व्यक्तिमत्त्व असतं. छंद: वाचन, संगीत ऐकणे, प्रवास. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, कुसुमाग्रज याच गावात राहिले, तेव्हा ‘वाचन’ लिहायला गावाचीच परवानगी आहे असं मुलं धरून चालतात. ‘शेवटचं काय वाचलंस?’ असं एकाला विचारलं तर तो म्हणाला, ‘येताना दुकानांच्या पाट्या वाचल्या.’ मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. प्रवास म्हणजे सिडको ते कॉलेज, सिटीलिंकच्या बसने, उभ्याने. बलस्थानं: मेहनती, सकारात्मक, टीम प्लेअर. दुबळी बाजू: ‘मी परफेक्शनिस्ट आहे’, आणि नेमकं परफेक्शनिस्टचंच स्पेलिंग चुकलेलं.

ज्यांना झेरॉक्सचं दुकान मागासलेलं वाटतं ती मुलं मोबाईलवरच रंगीत रेझ्युमे करतात. डाव्या बाजूला गडद निळा पट्टा, त्यात गोलातला फोटो, आणि कौशल्यांपुढे भरलेल्या-अर्ध्या भरलेल्या नळ्या. मराठी पाच तारे, हिंदी पाच, इंग्रजी साडेतीन. एक्सेल ऐंशी टक्के. ‘उरलेल्या वीस टक्क्यांत काय काय येतं?’ असं मी एकाला विचारलं. त्याने बराच विचार केला आणि नळी सत्तरवर आणली.

या रंगीत कागदांची खरी अडचण वेगळी आहे. मोठ्या कंपन्यांत हल्ली माणसाच्या आधी सॉफ्टवेअर रेझ्युमे वाचतं. जाहिरातीत जे शब्द दिले आहेत ते यात आहेत का, एवढंच ते बघतं. दोन रकाने केले की त्यातली काही सॉफ्टवेअरं डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या अर्ध्या ओळीला जोडून वाचतात, चित्रात लिहिलेली अक्षरं त्यांना दिसत नाहीत, आणि साडेतीन ताऱ्यांचं काय करायचं हे त्यांना समजत नाही. गणपतीही दिसत नाही. या चाळणीतून कागद खाली पडलाच तर पुढे माणूस बसलेला असतो. लॅडर्स नावाच्या अमेरिकेतल्या नोकरीविषयक कंपनीने २०१८ मध्ये नोंदवलं की, भरती करणारा माणूस रेझ्युमेवर पहिली नजर टाकतो ती सरासरी ७.४ सेकंद. एवढ्या वेळात आपल्याकडे मिसळीवर तर्रीसुद्धा ओतून होत नाही. या साडेसात सेकंदांतले चार तर आव्हानात्मक वातावरण खातं.

मग येतात प्रमाणपत्रं. एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झाला आणि मराठी बायोडाट्यात त्याने जन्मतारखेच्या खालची जागा पटकावली, ती अजून सोडलेली नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची चार वर्षं पूर्ण केलेला मुलगाही शेवटी न चुकता ‘एमएस-सीआयटी उत्तीर्ण’ लिहितो. त्याच्यापुढे चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट, टायपिंग मराठी ३०, इंग्रजी ४०. २०२० च्या टाळेबंदीत तर वेबिनारांचं पीक आलं होतं. गुगल फॉर्म भरायचा, दहा प्रश्न सोडवायचे, नापास झालं तर पुन्हा सोडवायचे, की संध्याकाळी मेलवर ई-प्रमाणपत्र हजर. मधमाशीपालनापासून बौद्धिक संपदा कायद्यापर्यंत सगळ्या विषयांत पारंगत झालेली एक पिढी त्या वर्षात घरी गादीवर बसून तयार झाली.

आणि एवढं सगळं लिहून झाल्यावर ‘अनुभव’ या रकान्यात एकच शब्द: ‘फ्रेशर’. इथे माझं डोकं फिरतं.

निफाड तालुक्यातला एक मुलगा. बी.बी.ए. झालेला. घरची चार एकर द्राक्षबाग. रेझ्युमेत अनुभव निरंक. त्याला विचारलं, ‘ऑक्टोबरात काय करतोस रे?’

‘काही नाही काका. छाटणी.’

‘काही नाही म्हणजे?’

मग हळूहळू बाहेर यायला लागलं. गोडी छाटणी झाली की डोळ्यांना पेस्ट लावायची. फुटवे निघाले की विरळणी. घड जीए या संजीवकाच्या द्रावणात बुडवायचे. त्यासाठी पेठ-सुरगाण्याकडची टोळी आधीच बोलून ठेवायची, एकरी भाव ठरवायचा, कुणी किती उचल घेतली ती वहीत मांडायची. डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या. वीज रात्रीची असेल तर पाणीही रात्रीच. माल निर्यातीचा असेल तर औषधांचा अंश उरला नाही ना, यासाठी नमुना प्रयोगशाळेत जाणार. तो पास झाला की मणी १८ मिलिमीटर भरतो की नाही ते बघायचं. आणि व्यापारी चेक देऊन पसार होतात म्हणून गाडी भरायच्या आधी त्याचं मूळ गाव, मेहुण्याचं गाव आणि गाडीचा नंबर लिहून घ्यायचा. या शेवटच्या कामासाठी बँकांत वेगळं खातं असतं आणि तिथली माणसं टाय लावून बसतात.

हे सगळं करून हा गृहस्थ रेझ्युमेत काय लिहितो? ‘टाइम मॅनेजमेंट या विषयावरील एकदिवसीय कार्यशाळेत सहभाग.’

म्हटलं, बाबा रे, बागेचं लिही. दुसऱ्या दिवशी तो एआयकडून लिहून घेऊन आला. मराठीत सांगायचं तर त्यात असं होतं: ‘बहुविध भागधारकांच्या चाळीस सदस्यीय पथकाचे धोरणात्मक नेतृत्व करून मूल्यसाखळीत परिवर्तन घडवून आणले.’

‘हे भागधारक कोण?’

‘काका, ते सुरगाण्याचे मजूर.’

‘आणि परिवर्तन?’

‘ते एआयनेच घडवलंय.’

शेवटी दोघांनी बसून एक ओळ केली: ‘घरच्या चार एकर द्राक्षबागेत दोन हंगाम ४० मजुरांची हजेरी, उचल आणि हिशेब सांभाळला, माल निर्यातीला गेला.’ क्रियापद साधं, आकडा खरा. मुलगा मात्र खट्टू झाला. त्याला ते फार गावठी वाटत होतं. तो विचारत होता, ‘पण याचं सर्टिफिकेट कुठे आहे?’

सगळं पाणी इथेच मुरतं. ज्या कामाला लेटरहेड नाही, शिक्का नाही, शेवटी प्रमुख पाहुण्यांसोबत फोटो नाही, ते काम आमच्या मुलांच्या लेखी झालेलंच नसतं. लासलगावची एक मुलगी. तिथली बाजार समिती कांद्यासाठी आशियात नावाजलेली. हिचे वडील लिलावातून फोन करून विचारतात, ‘विकू का थांबू?’ आणि ही चाळीतल्या कांद्यात किती घट आली, किती सडला, गेल्या आठवड्यात भाव काय होता, याचं गणित घालून उत्तर देते. हिच्या शब्दावर ट्रॅक्टर रिकामा होतो किंवा भरलेला परत येतो. रेझ्युमेत ‘निर्णयक्षमता’ असा शब्द होता. त्याच्या आगेमागे कांद्याची पातही नव्हती.

तिसरा ढोल पथकातला. नाशिक ढोलाचं नाव महाराष्ट्राबाहेर गेलेलं, त्याबद्दल नव्याने सांगायला नको. गणपतीच्या आधी कित्येक आठवडे सराव चालतो. सरावाला पोलिसांची परवानगी कोण काढतं? हा. पावसात ढोलाची पानं उतरली की ताण कोण देतं, टेम्पोवाल्याशी घासाघीस कोण करतं, नवीन आलेल्यांची हजेरी कोण घेतं, आजूबाजूच्या सोसायट्यांतून तक्रारी आल्या की हात जोडून कोण उभं राहतं? हाच. ज्याच्या कृपेने निम्म्या गंगापूर रोडला दीड महिना संगीत ऐकावंच लागतं, त्या पठ्ठ्याने छंदांत लिहिलं होतं, ‘संगीत ऐकणे’.

‘सहभाग’ या शब्दावर तर माझा विशेष राग आहे. २०१५ च्या सिंहस्थाच्या सुमारास नाशिकमध्ये ‘कुंभथॉन’ भरत होते. एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक रमेश रासकर मूळचे नाशिकचे. त्यांच्या पुढाकाराने कॉलेजची मुलं आणि तज्ज्ञ मंडळी एकत्र बसून गर्दी, आरोग्य, राहण्याखाण्याची सोय असल्या प्रश्नांवर उपाय शोधत होती. अशा ठिकाणी रात्री जागून काही बनवलेला मुलगाही ‘सहभाग’ लिहितो, आणि पोहे खाऊन परत आलेलाही ‘सहभाग’च लिहितो. वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? तू काय केलंस ते सांग ना! आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. त्यानंतर जिल्ह्यातल्या प्रत्येक रेझ्युमेत ‘क्राउड मॅनेजमेंट’ येणार हे मी आत्ताच लिहून देतो. रामकुंडाच्या वाटेवर तीन तास दोरी धरून उभं राहिलेल्याने ते खुशाल लिहावं. फक्त ‘तीन तास दोरी धरली’ असं लिहावं. आलेल्या आजीबाई दोरीखालून कशा जातात आणि त्यांना ‘आजी, इकडून’ म्हणून कसं वळवायचं, हे ज्याने केलंय त्याला कुठल्याही बँकेच्या काउंटरवर बसवा.

तसा या गावचा सर्वांत बेभरवशाचा रेझ्युमे माझा नेहमीचा नमुना आहे. जन्म त्र्यंबकेश्वर, १८७०. शिक्षण मुंबईचं जे. जे. स्कूल, मग बडोद्याचं कलाभवन. अनुभव: गोध्र्याला फोटो स्टुडिओ, सोडला. पुरातत्त्व खात्यात सरकारी नोकरी, सोडली (इथे ऐकणारे सगळे वडील कपाळावर हात मारतात). छापखाना काढला, भागीदारांशी पटेना, तोही सोडला. मधल्या काळात जादूचे प्रयोग. रंगमंचावरचं नाव ‘प्रोफेसर केळफा’, म्हणजे स्वतःचंच आडनाव उलटं. वय चाळिशीपार. आमच्या खात्यात हा कागद आला असता तर साहेबांनी तांबड्या शाईने ‘अस्थिर वृत्ती’ असा शेरा मारून तो खाली टाकला असता, आणि मी तो फाईल केला असता. हल्लीच्या पद्धतीने ‘पूर्ण लांबीचे कथापट काढण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव’ मागितला असता तर तो या देशात कुणाकडेच नव्हता. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा चित्रकला पडदे रंगवायला उपयोगी पडली, फोटोग्राफी कॅमेऱ्यामागे, जादू पडद्यावरच्या करामतींना. गाळायच्या लायकीची म्हणून जी जी ओळ वाटते ती कामाला आली. पुढे त्यांनी आपला स्टुडिओ नाशिकलाच आणला. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. कॉलेजची मुलं तिथे सेल्फी काढतात आणि घरी येऊन ‘फ्रेशर’ लिहितात.

त्याच चित्रपटातल्या तारामतीचीही गंमत. या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनी मुंबईतल्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना घेतलं. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. ‘मल्टिटास्किंग’ असा शब्द जे विनाकारण लिहितात त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

एकच कागद सगळीकडे पाठवणाऱ्यांना मी लिओनार्दोचं सांगतो. १४८२ च्या आसपास त्याने मिलानच्या लुडोव्हिको स्फोर्झाला नोकरीसाठी पत्र लिहिलं. स्फोर्झाला लढायांची काळजी होती, तेव्हा या गृहस्थाने हलके पूल, तोफा, खंदकातलं पाणी काढून टाकायच्या युक्त्या, अशी यादी दिली आणि अगदी शेवटी, जाता जाता, चित्रंही काढतो म्हणून कळवलं. आमचा विद्यार्थी ओझरला विमानांच्या कामाला, अंबडला पंपाच्या कारखान्याला आणि पतसंस्थेत वसुलीला तोच कागद पाठवतो. तिन्हीकडे छंद संगीत ऐकणे. वसुलीच्या जागेसाठी एकाने कुस्तीतलं तालुका पातळीवरचं पदक लिहायचं टाळलं होतं, ‘त्याचा काय संबंध’ म्हणून.

बाकी किरकोळ. एटीकेटी असेल तर असू दे, ती लपवायला तारखांची जी कसरत करतात त्याने संशय जास्त येतो. एमपीएससीत दोन वर्षं गेली तर ‘एमपीएससी’ लिहावं. ‘वैयक्तिक कारणांमुळे खंड’ वाचलं की एच.आर.च्या मनात भलतेसलते विचार येतात. आणि ईमेल. ‘ॲटिट्यूड प्रिन्स ००७’ आणि ‘कॉलेज रोडचा किंग’ या पत्त्यांवर मुलाखतीचं पत्र पाठवताना टायपिस्टची बोटं अडखळतात.

माझ्या हाती येणारे सर्वांत सरळ रेझ्युमे आयटीआयच्या मुलांचे. त्यांच्याकडे लपवायला वेळ नसतो. ‘फिटर, दोन वर्षं. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज येतं. ड्रॉइंग वाचता येतं. सेकंड शिफ्ट चालेल.’ संपलं. यातल्या ‘सेकंड शिफ्ट चालेल’ या तीन शब्दांवर आम्ही पूर्वी माणसं घेतली आहेत.

परवा अंबडच्या एका ओळखीच्या कारखानदाराने सीएनसी लेथवर माणूस मागितला. कॉलनीतून फिरत फिरत माझ्याकडे आलेल्या गठ्ठ्यात एका मुलीचा एकपानी कागद होता. मशिनिस्ट ट्रेड. वर्षभर ॲप्रेंटिस. तिसऱ्या महिन्यापासून सेटिंग स्वतः करत होते. एका आठवड्यात रिजेक्शन वाढलं तेव्हा टूल झिजल्याचं शोधून सुपरवायझरना दाखवलं, नोंदीची वही सोबत आणेन. फर्स्ट, सेकंड, दोन्ही शिफ्ट चालतील. थर्डला जायला-यायला गाडी हवी. ध्येय नाही, छंद नाही, गणपती नाही, मामांचं गाव नाही. कारखानदाराला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, ‘उद्याच पाठवा.’

मोबाईल नंबर नऊ आकडी आहे. ईमेलवर टाकलेलं पत्र परत आलं. हरवलेला आकडा शेवटचा असेल असं धरून लावून पाहायला लागलो, तर पहिलाच फोन पिंपळगावच्या टोमॅटोच्या एका आडत्याने उचलला आणि मी कोण हे न विचारता भाव सांगायला सुरुवात केली. तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या मुलीला ओळखत असेल तर कृपया निरोप द्यावा. रेझ्युमेत काही बदलायचं नाही, नुसता दहावा आकडा घेऊन यायचं आहे. जागा अजून भरलेली नाही.